बँकांना युद्धाची चाहूल आधीच लागली होती का? तुम्ही विचारलेत म्हणून

उत्तर आणि दक्षिणेकडील राज्यांत झालेल्या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या आर्थिक बाजूविषयी मी कोठेही बोललो, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. युद्धाची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्स्टन बंदरातील सम्टर किल्ल्यावर डागली गेली. मग रिचमंड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया येथील बँकांनी त्याच्या जवळजवळ पाच महिने आधी, म्हणजे नोव्हेंबर १८६० मध्येच, आपल्या नोटांच्या बदल्यात सोन्या-चांदीची नाणी देणे का थांबवले? युद्ध येणार हे त्यांना आधीच कळले होते का? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर तयारच असते: पैसेवाल्यांना सगळे आधी कळते.

माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्या नोव्हेंबरात बँकांना युद्ध दिसत नव्हते. त्यांना दिसत होती ती थकत चाललेली वसुली. पुढच्या तीन-चार महिन्यांत त्याच बँका जशा वागल्या, त्यावरून हे पुरेसे स्पष्ट होते, आणि त्याचा पुरावा मी पुढे देणारच आहे. मात्र त्याआधी त्या काळी ‘बँकेने नाणे देणे थांबवले’ म्हणजे प्रत्यक्षात काय होत असे, हे पाहावे लागेल, कारण आपल्याकडचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून १८६० कडे पाहिले की हमखास गफलत होते.

आपल्याकडे एखाद्या सहकारी बँकेवर निर्बंध येतात तेव्हा ते रिझर्व्ह बँक घालते. ठेवीदाराला ठरावीक रकमेपेक्षा अधिक पैसे काढता येत नाहीत, नवी कर्जे बंद होतात, आणि पुढे काय करायचे ते वरून ठरते. १८६० च्या अमेरिकेत असे वरचे कोणी नव्हतेच. बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स या दुसऱ्या राष्ट्रीय बँकेची सनद १८३६ मध्ये संपली होती आणि त्यानंतर देशाला मध्यवर्ती बँक उरली नव्हती. १८४६ च्या कायद्यानुसार केंद्र सरकार आपले कर सोन्या-चांदीत घेई आणि ते स्वतःच्याच तिजोऱ्यांत ठेवी. देशभर दीड हजारांहून अधिक बँका होत्या. प्रत्येक बँक आपापल्या राज्याच्या कायद्याखाली चालणारी आणि बहुतेक स्वतःच्या नोटा काढणाऱ्या. नोटेवर वचन असे ते एवढेच की, ही नोट घेऊन येणाऱ्यास मागताक्षणी इतके डॉलर नाण्यात दिले जातील. दूरगावच्या बँकेची नोट दुकानदार बट्टा कापूनच घेई, आणि कोणत्या नोटेला किती बट्टा हे सांगणारी पत्रके नियमित छापली जात व व्यापारी ती गल्ल्याशेजारी ठेवीत.

अशा व्यवस्थेत नाणे देणे स्थगित झाले म्हणजे बँकेला टाळे लागले असे होत नसे. बँक रोज उघडे, ठेवी घेई, हुंड्या (ठरल्या मुदतीला पैसे देण्याचे लेखी आदेश) वटवी, कर्जाचे हप्ते वसूल करी. फक्त तिची नोट पुढे करून नाणे मागणाऱ्याला ती रिकाम्या हाताने परत पाठवी. कायद्याच्या दृष्टीने हा उघड वचनभंग होता आणि अनेक राज्यांत त्यासाठी दंडाची किंवा सनद रद्द करण्याचीही तरतूद होती. एकट्या बँकेने असे केले तर ती बुडाली असे समजले जाई. सगळ्या शहराच्या बँकांनी एकाच वेळी केले, तर मात्र राज्याचे विधिमंडळ मागाहून कायदा करून त्यांना मोकळे करी, कारण साऱ्याच बँकांच्या सनदा रद्द करून राज्याचा व्यवहार चालणार कसा? १८३७ मध्ये आणि पुन्हा १८५७ मध्ये लोकांनी हे पाहिले होते. त्यामुळे संकटात सर्वांनी मिळून थांबणे हा बँकांचा सरावाचा बचाव झाला होता.

आता १८६० च्या शरद ऋतूकडे येऊ. त्या वर्षी अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता आणि शरदापासून तो बंदरांत येऊ लागे. मळेवाल्याला वर्षभर उचल देणारा अडत्या आलेला माल इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदराला रवाना करी आणि तेथील खरेदीदारावर हुंडी काढी. ती हुंडी न्यूयॉर्कमध्ये विकली जाई आणि आलेल्या पैशांतून न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर येथील घाऊक व्यापाऱ्यांची वर्षभराची उधारी फिटे. म्हणजे कापडाची, बुटांची, अवजारांची. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने त्याच उधारीच्या भरवशावर आपल्या बँकेकडून कर्ज घेतलेले असे. लिव्हरपूलपासून मिसिसिपीच्या काठापर्यंत एकाचे येणे हे दुसऱ्याचे देणे होते, आणि या साखळीतील प्रत्येक जण पुढचा वेळेवर देईल हे गृहीत धरून चालत होता.

या साखळीच्या दक्षिणेकडील टोकाला तारण काय होते, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. जमीन होती, उभे पीक होते, आणि माणसे होती. लुइझियानातील सिटिझन्स बँक आणि कॅनाल बँक या दोन बँकांचा वारसा पुढे विलीनीकरणांतून जेपी मॉर्गन चेसकडे आला. त्या कंपनीने २००५ मध्ये जाहीरपणे मान्य केले की, १८३१ ते १८६५ या काळात या दोन बँकांनी सुमारे १३,००० गुलाम कर्जाचे तारण म्हणून स्वीकारले होते आणि कर्जे थकल्यामुळे त्यांपैकी सुमारे १,२५० माणसे बँकांच्या मालकीची झाली होती. ज्या ‘पत’ नावाच्या गोष्टीवर तो सारा व्यापार उभा होता तिच्या तळाशी ही माणसे होती. गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारे अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्याने दक्षिणेतील सावकारी का हादरली, याचे अर्धे उत्तर येथेच आहे: ज्या राज्यव्यवस्थेत माणूस तारण ठेवता येत होता ती यापुढे टिकेल की नाही, ही शंका थेट कर्जखात्यांपर्यंत पोहोचत होती.

६ नोव्हेंबर १८६० रोजी लिंकन निवडून आले. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत कोणाचेही शेत जळाले नाही, इंग्लंडमधील गिरण्यांची कापसाची मागणीही कमी झाली नाही. बिनसले ते मधल्या कागदांचे. दक्षिणेतील दुकानदार ‘थोडे थांबा’ म्हणू लागले आणि उत्तरेतील व्यापारी जुन्या उधारीची मुदत वाढवून देईनात. दक्षिणेतील बँका व अडते न्यूयॉर्कमध्ये पडून असलेली आपली शिल्लक सोन्यात मागू लागले. बँकांनी हात आखडता घेतला आणि त्यासरशी परदेशी हुंड्यांचा बाजार थंडावला, कारण लिव्हरपूलवरची हुंडी विकत घेणाराही शेवटी बँकेच्या कर्जावरच ती घेत असतो. बंदरात माल होता, गिऱ्हाईक होते, जहाजही होते. फक्त हुंडी घ्यायला कोणी पुढे येईना. हे चक्र न्यूयॉर्कमध्ये अडखळले की त्याचा धक्का अडत्याला बसे, अडत्याचा त्याच्या बँकेला बसे, आणि त्या बँकेच्या नोटा हातात असलेले लोक नाण्यासाठी दारात उभे राहत.

२० ते २२ नोव्हेंबरच्या सुमारास रिचमंड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया येथील बँका थांबल्या. महिना संपेपर्यंत दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया येथील बँकांचेही तेच झाले. ही नावे नकाशावर मांडून पाहा. फिलाडेल्फिया हे पेनसिल्व्हेनियातील शहर, आणि पेनसिल्व्हेनियाने तर लिंकन यांनाच निवडून दिले होते. उलट, कापसाच्या राज्यांचे सर्वांत मोठे बंदर असलेल्या न्यू ऑर्लिन्समधील बँका नाणे देत राहिल्या. न्यूयॉर्क आणि बॉस्टन येथील बँकाही देत राहिल्या. म्हणजे कोण थांबले आणि कोण टिकले ही रेघ उत्तर-दक्षिण अशी पडलीच नाही. लुइझियानात १८४२ चा एक कडक कायदा होता: देण्याच्या एक-तृतीयांश इतके नाणे तिजोरीत असलेच पाहिजे आणि उरलेली रक्कम नव्वद दिवसांत वटणाऱ्या कागदात गुंतवलेली असली पाहिजे. त्या कायद्याखाली वाढलेल्या बँकांच्या तिजोरीत देण्यासाठी नाणे होते, म्हणून त्या देऊ शकल्या. ज्यांच्याकडे ते पुरेसे नव्हते त्या थांबल्या. युद्धाच्या अंदाजाचा याच्याशी संबंध नव्हता.

न्यूयॉर्कचे प्रकरण मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून त्यावर जरा थांबतो. तीनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १८५७ मध्ये, ओहायो लाइफ इन्शुरन्स अँड ट्रस्ट कंपनी बुडाली तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रत्येक बँकेने स्वतःपुरता विचार केला होता. प्रत्येकीने आपली कर्जे परत मागितली, दिसेल ते नाणे आपल्या तिजोरीत ओढून घेतले, आणि त्या ओढाताणीत ऑक्टोबरच्या मध्यावर सगळ्याच बँका नाणे देणे थांबवून बसल्या. १८६० मध्ये तीच माणसे, त्याच इमारतींत, पुन्हा त्याच वळणावर उभी होती.

अडचण अशी होती. १८५३ मध्ये सुरू झालेल्या क्लिअरिंग हाऊसमध्ये रोज सकाळी बँकांचे एकमेकींवरचे धनादेश व देणी मोजली जात आणि ज्या बँकेकडे बाकी निघे तिला ती फेडावी लागे. एखाद्या बँकेने त्या दिवसांत धीर धरून व्यापाऱ्याला कर्ज दिले, तर त्या कर्जाचे धनादेश दुसऱ्या दिवशी इतर बँकांच्या हाती येत आणि तिचे नाणे शेजारच्या तिजोरीत जाई. म्हणजे जी बँक बाजाराला मदत करी तीच रिकामी होई, आणि जी हात बांधून बसे ती गलेलठ्ठ होई. मी स्वतः बँकेच्या नोकरीत क्लिअरिंगचे काम केलेले असल्यामुळे या कोंडीचा अर्थ मला वाचताक्षणी समजला. संध्याकाळी बाकी जुळवताना बाकीच्या बँकांकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, ते त्या टेबलावर बसलेल्यालाच कळते.

२१ नोव्हेंबर १८६० रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी एक करार केला. त्यामागची कल्पना मुख्यतः अमेरिकन एक्सचेंज बँकेचे अध्यक्ष जॉर्ज कोई यांची होती. बँकांची एक समिती नेमली गेली. कोणत्याही सभासद बँकेने आपल्याकडील चांगल्या हुंड्या किंवा रोखे या समितीकडे ठेवायचे, आणि त्यांच्या किमतीच्या तीन-चतुर्थांशापर्यंत प्रमाणपत्रे घ्यायची. ही प्रमाणपत्रे बाहेर चालणार नव्हती. ती फक्त सकाळच्या हिशेबात एका बँकेने दुसरीला द्यायची, आणि ती ज्या बँकेकडे जमा होतील तिला त्यांवर सात टक्के व्याज मिळायचे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे करार चालू असेपर्यंत सर्व बँकांचे नाणे हे सर्वांचे मिळून एकच भांडवल समजले जाणार होते. ज्या बँकेची तिजोरी भरलेली होती तिने शेजारणीच्या देण्यासाठी आपले सोने मोकळे ठेवायला संमती दिली. कोणत्याही सरकारने हुकूम दिलेला नसताना, एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या संस्थांनी हे स्वतःहून स्वीकारले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पहिली प्रमाणपत्रे २३ नोव्हेंबरला निघाली. एकूण ७३,७५,००० डॉलरची निघाली. बँकांनी कर्जे वाढवली आणि लंडन-लिव्हरपूलवरच्या हुंड्या विकत घेण्यासही सुरुवात केली. हुंडीला गिऱ्हाईक मिळताच कापूस हलू लागला. त्या हुंड्या स्वस्त झालेल्या असल्यामुळे इंग्लंडकडून येणे असलेली रक्कम सोन्याच्या रूपात मागवणेच फायद्याचे ठरू लागले, आणि डिसेंबर-जानेवारीत अटलांटिक ओलांडून सोने न्यूयॉर्कमध्ये येऊ लागले. त्याची झळ लंडनला इतकी लागली की बँक ऑफ इंग्लंडला आपला व्याजदर वाढवावा लागला.

मी वर ज्या पुराव्याचा उल्लेख केला तो आता देतो. २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले. जानेवारीत मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया आणि लुइझियाना ही पाच राज्ये बाहेर पडली. १ फेब्रुवारीला टेक्ससने तोच मार्ग धरला. ४ फेब्रुवारीला माँटगोमेरी येथे आधीच्या सहा राज्यांचे प्रतिनिधी निराळे, म्हणजे कॉन्फेडरेट, सरकार उभारायला जमले. राजकारण आठवड्यागणिक बिघडत होते. आणि याच आठवड्यांत न्यूयॉर्कच्या तिजोऱ्या भरत होत्या. १२ डिसेंबरपासून प्रमाणपत्रे परत येऊ लागली आणि ९ मार्च १८६१ रोजी शेवटचे प्रमाणपत्र रद्द झाले, म्हणजे सम्टरवर तोफ डागली जाण्याच्या महिनाभर आधी. बँकांना युद्ध दिसत असते, तर नुसती निवडणूक झालेली असताना त्या घाबरल्या आणि प्रतिस्पर्धी सरकार उभे राहिल्यावर निर्धास्त झाल्या, याचा अर्थ लागत नाही. वसुलीची भीती मानली की सारे नीट जुळते: नोव्हेंबरात हुंडी वटत नव्हती, फेब्रुवारीत वटत होती.

सरकारची पत मात्र त्याच काळात घसरत गेली आणि तिला कोणी समिती नेमून सावरले नाही. अर्थमंत्री हॉवेल कॉब हे जॉर्जियाचे होते. त्यांनी ८ डिसेंबरला राजीनामा दिला. महिनाअखेरीस सरकारने अल्प मुदतीची कर्जपत्रे विकायला काढली, तेव्हा आलेल्या बोलींपैकी काही वर्षाला ३६ टक्के व्याज मागणाऱ्या होत्या.

दक्षिणेतील ज्या बँका नोव्हेंबरात थांबल्या होत्या, त्यांची कहाणी येथून निराळे वळण घेते. नाणे पुन्हा सुरू करण्याची त्यांना घाई राहिली नाही, आणि राज्य सरकारांनाही ती नको होती. अलाबामाचे गव्हर्नर अँड्र्यू मूर यांनी तर बँकांना स्वतःच नाणे देणे थांबवण्याची विनंती केली, कारण ते सोने लोकांच्या हाती जाऊन पांगण्यापेक्षा बँकांत राहावे आणि शस्त्रे घेण्यासाठी राज्याला कर्जाऊ मिळावे, असा त्यांचा हिशेब होता. महिन्याभरापूर्वी जो अगतिकतेचा उपाय होता तो असा राज्यकर्त्यांच्या हातातील साधन झाला. ठेवीदाराच्या आणि नोटधारकाच्या बाजूने पाहिले, तर या क्षणी त्यांचे नाणे त्यांना न विचारता युद्धखर्चाच्या खात्यावर वर्ग झाले होते.

न्यू ऑर्लिन्सच्या बँका युद्ध सुरू झाल्यानंतरही काही महिने नाणे देत राहिल्या. अखेर सप्टेंबर १८६१ मध्ये कॉन्फेडरेट सरकारचे अर्थमंत्री ख्रिस्तोफर मेमिंजर यांच्या आग्रहामुळे त्यांना थांबावे लागले, कारण जोपर्यंत त्या नाणे देत होत्या तोपर्यंत त्यांच्या नोटांपुढे सरकारी कागदाला किंमत येत नव्हती. पुढच्या वसंतात संघराज्याचे आरमार नदीतून वर येऊ लागले तेव्हा बँकांनी आपले सोने शहराबाहेर सुरक्षित म्हणून हलवले, आणि त्यातील मोठा भाग कॉन्फेडरेट सरकारनेच नंतर ताब्यात घेतला. देशातील सर्वांत शिस्तीच्या बँकांच्या वाट्याला हे आले, याची मला खंत वाटते.

परंतु या सगळ्याची खरी किंमत कोणी मोजली, असे मला विचाराल तर मी न्यू ऑर्लिन्सचे किंवा न्यूयॉर्कचे नाव घेणार नाही. इलिनॉय आणि विस्कॉन्सिन या वायव्येकडील राज्यांचे घेईन. तेथे कायदा असा होता की, बँकेने राज्यांचे रोखे सरकारी अधिकाऱ्याकडे तारण ठेवायचे आणि त्यांच्या किमतीइतक्या नोटा काढायच्या. दिसायला व्यवस्था भक्कम होती. मात्र तारणासाठी बँका ज्या रोख्यांवर सर्वांत जास्त उत्पन्न मिळते ते निवडत, आणि ते असत मिझूरी, टेनेसी, व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलायना या राज्यांचे. गुलामगिरी असलेल्या राज्यांच्या कर्जावर गुलामगिरीविरोधी राज्यांचे चलन उभे होते. राज्ये फुटू लागली तसे रोखे कोसळले आणि त्यांच्याबरोबर शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या खिशातील नोटाही कोसळल्या. इलिनॉयमध्ये शंभराहून अधिक बँका होत्या. १८६१ मध्ये त्यांपैकी बहुतेक बुडाल्या. कोणत्या बँकेच्या नोटा आज घ्यायच्या आणि कोणत्या नाही, याच्या याद्या शिकागोत बदलत राहिल्या, आणि याद्या करणारे व पगार वाटणारे लोक मजुराच्या आधी सावध होत.

विस्कॉन्सिनमधील मिलवॉकी येथे जून १८६१ मध्ये जे घडले ते नीट सांगण्याजोगे आहे. वसंतात तेथील बँकांनी अनेक दुबळ्या बँकांच्या नोटा नाकारल्या होत्या, आणि उरलेल्या सुमारे सत्तर बँकांच्या नोटा डिसेंबरपर्यंत घेऊ अशी जाहीर हमी दिली होती. त्या हमीवर विसंबून शनिवार, २२ जून रोजी कारखान्यांनी आठवड्याचा पगार त्याच नोटांत वाटला. त्याच शनिवारी बँकांनी बसून या यादीतील आणखी दहा बँका वगळल्या. मजुराच्या हाती संध्याकाळी नोट आली तोवर तिची किंमत ठरवणारा निर्णय होऊन गेला होता. त्याला तो कळायचाच बाकी होता. या मजुरांत बहुसंख्य जर्मन स्थलांतरित होते. सोमवारी, २४ जूनला, ते बँड लावून मिरवणुकीने बँकांच्या गल्लीत आले आणि अलेक्झांडर मिचेल यांच्या बँकेसमोर थांबले. महापौरांनी समजावण्याचा प्रयत्न केला, पण दगड सुरू झाले. खिडक्या फुटल्या, आतले सामान रस्त्यावर आणून जाळण्यात आले, शेजारच्या बँकेचेही तेच झाले. दक्षिणेविरुद्ध लढण्यासाठी उभारलेल्या तुकड्यांना आपल्याच शहरातील मजुरांवर पाठवावे लागले.

दगडफेकीचे समर्थन मी करणार नाही. पण ज्याने सहा दिवस राबून मिळवलेली मजुरी एका बैठकीत घसरली, त्याला ‘बाजाराचा नियम’ समजावून सांगण्याचे धाडसही माझ्याने होणार नाही. त्या बैठकीत बसलेल्यांना शनिवारचा पगार केव्हा वाटला जातो हे ठाऊक होते. पुढे बँकांनी राज्याशी तडजोड केली. विस्कॉन्सिनचे युद्धरोखे विकत घेऊन ते दक्षिणेच्या रोख्यांच्या जागी तारण ठेवले गेले आणि चलन हळूहळू सावरले.

येथे काही जण दुसरा प्रश्न जोडतात: बँका थांबल्या नसत्या तर युद्ध टळले असते का? मला तसे वाटत नाही. युद्ध गुलामगिरीवरून झाले, आणि तो वाद कोणत्याही तिजोरीत मिटण्यासारखा नव्हता. उत्तरेतील अनेक व्यापाऱ्यांना मात्र तो पैशाने मिटवता येईल असे वाटत होते. त्या हिवाळ्यात दक्षिणेशी समेट करा असे सर्वांत मोठ्याने म्हणणारा वर्ग न्यूयॉर्कचा व्यापारी वर्ग होता, आणि महापौर फर्नांडो वुड यांनी तर जानेवारी १८६१ मध्ये शहराने स्वतंत्र होऊन दोन्ही बाजूंशी व्यापार चालू ठेवावा अशी सूचना मांडली होती. थकलेली उधारी परत मिळेल या आशेवर ही मंडळी एप्रिलपर्यंत जगली. सम्टरनंतर ती आशा संपली आणि त्याच व्यापाऱ्यांनी सरकारला कर्ज द्यायला सुरुवात केली.

मुंबईच्या वाचकांना या युद्धाची आठवण दुसऱ्याच टोकाने असते. अमेरिकेचा कापूस अडल्यावर लिव्हरपूलने मुंबईकडे हात पसरला, खानदेश आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशांवर शहरात शेअरचे वेड उसळले. एप्रिल १८६५ मध्ये कॉन्फेडरेट सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. १ जुलै १८६५ ला वायदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा प्रेमचंद रायचंद यांच्यासह मोठमोठी नावे कोसळली, आणि १८६८ मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. म्हणून आपल्याकडे ‘युद्ध संपले आणि बँका बुडाल्या’ हे सूत्र पक्के बसले आहे, आणि युद्धाआधीच्या नोव्हेंबरातील घटना ऐकून ऐकणाऱ्याला धक्का बसतो. दोन्हीकडे कापसाच्या हुंडीवर उभी असलेली पत होती, एवढे साम्य मला दिसते. त्यापलीकडे मी ताणणार नाही.

राहता राहिले न्यूयॉर्क. १८६० मध्ये जे शहर टिकले ते शेवटी थांबलेच, पण तेव्हा कारण खरोखरच युद्धाचे होते. ऑगस्ट १८६१ मध्ये न्यूयॉर्क, बॉस्टन आणि फिलाडेल्फिया येथील बँकांनी सरकारला तीन हप्त्यांत १५ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. ही रक्कम बँकांतच ठेवून लागेल तसे धनादेश काढावेत असे बँकांचे म्हणणे होते. अर्थमंत्री सॅमन चेस यांनी ती सोन्यात, सरकारी तिजोरीत मागितली. कोई यांच्यासारख्यांनी परोपरीने सांगूनही ते ऐकले गेले नाही. नोव्हेंबरात ट्रेंट नावाच्या ब्रिटिश जहाजावरून कॉन्फेडरेट सरकारचे दूत पकडले गेले, इंग्लंडशीही युद्ध जुंपणार अशी हवा उठली, लोकांनी सोने घरात नेऊन ठेवले, आणि ३० डिसेंबर १८६१ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नाणे देणे थांबवले. २५ फेब्रुवारी १८६२ च्या कायद्याने सरकारने स्वतःच्या नोटा काढल्या. १८६३ मध्ये राष्ट्रीय बँकांचा कायदा आला. आणि १८६५ मध्ये राज्यांच्या बँकांनी काढलेल्या नोटांवर दहा टक्के कर बसवून त्या हजारो प्रकारच्या नोटा चलनातून हद्दपार केल्या गेल्या. नोटेच्या बदल्यात नाणे मिळणे पुन्हा सुरू झाले ते १ जानेवारी १८७९ रोजी.